कराडच्या बाजारातली आमची पलटण

मला काय झालं होतं, याला आमच्या गावात बरीच नावं होती. भावकी म्हणायची, "सोंग हाय." शेजारची म्हातारी म्हणायची, "बाहेरचं हाय." थोरला भाऊ कोणी विचारलं की "अंगात कसर हाय जरा," म्हणून बैलांकडं वळायचा. लष्करी इस्पितळाच्या कागदावर एक लांबलचक इंग्रजी शब्द होता. मी सातवी फायनल झालेला, त्यामुळे तो अक्षरं लावून वाचता यायचा. पण घरात कोणाला समजावून सांगता यायचा नाही.

आता मी बरा आहे. रोज शेतावर जातो, रात्री घरात झोपतो, लग्नाकार्याला जातो. हे लिहितोय ते माझ्यासारख्या परत आलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी. ज्याचा हात तुटला, पाय गेला, त्याला बघून लोक हळहळतात. ज्याचं सगळं जागच्या जागी आहे, त्यानं काय करायचं?

दगडी घर

मी किसन. कराडच्या वरच्या अंगाला कृष्णेकाठी आमचं गाव. पलटणीत मी टेलिफोनची तार टाकायचो. पाठीवर रीळ घ्यायचं, एका ठाण्यापासून दुसऱ्या ठाण्यापर्यंत तार पसरत जायची, तुटली की वाकून वाकून जोडायची. इटलीचे डोंगर आपल्या कोयनेकडच्या डोंगरांसारखेच, पण थंडी अशी की बोटांना पक्कड आहे की नाही ते कळायचं नाही.

एका दगडी घरात आमचं ठाणं होतं. त्यावर तोफेचा गोळा पडला आणि छप्पर आमच्यावर आलं. किती वेळ आत होतो, मला माहीत नाही. अंधार, तोंडात चुना आणि जवळच कोणीतरी कण्हत होतं, ते थांबलं. मग वरून फावड्याचा आवाज आला. मला बाहेर काढलं तेव्हा अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. सगळे म्हणाले, नशीबवान आहेस. मलाही तसंच वाटलं. दुसऱ्या दिवशी मी कामावर हजर झालो.

पुढे बऱ्याच दिवसांनी, गोळीबार अजिबात नसताना, एका सकाळी फोन वाजला. मी तो कानाला लावला. पलीकडून हॅलो, हॅलो चाललेलं. मला सगळं ऐकू येत होतं, काय बोलायचं तेही ठाऊक होतं, पण तोंडातून आवाजच निघेना. हातातून फोन खाली पडला. सुभेदारसाहेबांनी मला हाताला धरून नेलं, लहान पोराला शाळेत नेतात तसं.

डॉक्टर काय म्हणाले

बोटीतून परत हिंदुस्थानात आणलं आणि एका मोठ्या लष्करी इस्पितळात ठेवलं. त्या वॉर्डाला बाकीचे रुग्ण 'डोक्याचा वॉर्ड' म्हणायचे आणि त्याच्यासमोरून जाताना पावलं उचलून चालायचे. सकाळी घंटा, मग डब्यात चहा, मग खाटांची तपासणी. जेवण झालं की चमचे मोजून परत घेत. दुपारी टोपल्या विणायच्या नाहीतर दोर वळायचा. शेतकऱ्याच्या पोराला दोर वळायला शिकवतात, याचं मला हसू यायचं. पण हसायलाही आवाज नव्हता.

डॉक्टर कॅप्टन होते, तिकडच्या मद्रास बाजूचे. त्यांनी कान बघितले, घसा बघितला, गुडघ्यावर हातोडी मारली. मी वाट बघत होतो की आता सांगतील, अमुक हाड मोडलंय, अमुक नस तुटलीय. ते खाटेवर माझ्या शेजारी बसले. साहेब माणूस शिपायाच्या खाटेवर बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला. म्हणाले, "नाईक, तेरा कान ठीक है, गला ठीक है. तेरा डर बीमार हो गया है."

मला रडू फुटलं. वाटलं, याचा अर्थ मी भित्रा. आमच्या घरात आज्यापासून पलटण. गावात तोंड कसं दाखवू? त्यांनी थांबू दिलं, मग म्हणाले, "डर सबको होता है. तेरा बस बीमार है. बीमार चीज अच्छी होती है." हे वाक्य त्या दिवशी मला पटलं नाही. नंतर ते मी स्वतःच कितीतरी जणांना सांगितलं.

त्या वॉर्डात एक चांगली गोष्ट घडली, ती सांगतो. माझी खाट आतल्या भिंतीला होती, आणि तिथं माझा जीव गुदमरायचा. मी कोणाला सांगू शकत नव्हतो. एक दिवस टोपल्या विणून परत आलो तर माझी खाट दाराजवळ, उजेडात. वॉर्डातल्या एका ऑर्डर्लीनं माझ्याकडं पाहून ती हलवली होती. त्यानं विचारलं नाही, मी आभार मानले नाहीत. त्यानंतर थोड्याच दिवसांत माझा आवाज परत आला. पहिल्यांदा खोकल्यासारखा, मग शब्दासारखा.

घरी

लढाई संपली, पलटणीतून नाव कमी झालं, मी घरी आलो. कराड स्टेशनवर थोरला भाऊ गाडी जुंपून आला होता. बायको तानू दारात ओवाळायला उभी होती. वडील, म्हणजे आबा, सोप्यात बसलेले. त्यांनी नुसती मान हलवली. आबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडं होते. त्यांना लढाईबद्दल आम्ही कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

पहिले काही दिवस सणासारखे गेले. मग लक्षात यायला लागलं. मला छपराखाली डोळा लागायचा नाही. मी उसाच्या बांधावर घोंगडी टाकायचो, तर उसाच्या पाल्याची सळसळ ऐकून घाम फुटायचा. गुऱ्हाळाच्या चरकाचा करकराट सुरू झाला की मी नदीकडं निघून जायचो. भाऊ बैलांकडं वळायचा, पण वहिनी भांडी आपटायची. आणि तिनं भांडी आपटली की मी आणखीच दचकायचो. तिला वाटायचं, मी मुद्दाम करतोय. तिचंही खरंच होतं. कामाच्या दिवसांत घरातला एक धडधाकट माणूस नदीवर जाऊन बसतो, हे बाईनं कसं समजून घ्यायचं?

तानूच्या चुलतभावाचं लग्न इस्लामपूरला होतं. मी जाणार नव्हतो, पण सासुरवाडीच्या लोकांना काय सांगणार? वरात देवळापाशी आली आणि कोणीतरी गरनाळाचा बार उडवला. काय झालं ते मला कळलं नाही. भान आलं तेव्हा मी बैलगाडीखाली चिखलात पालथा पडलो होतो, फेटा एकीकडं, डोक्यावर दोन्ही हात. चारी बाजूंनी पाय दिसत होते आणि लोक हसत होते. कोणीतरी म्हणालं, "ह्यो गेलता व्हय जर्मनाला मारायला?"

तेवढ्यात गाडीच्या चाकाशी एक हिरवं लुगडं आलं. तानू. नव्या लुगड्यासकट ती चिखलात बसली, माझ्यासमोर, चाकाला पाठ लावून. लोकांकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"आवं," ती म्हणाली, "आता बसलोयच खाली, तर जेवान बी हितंच मागवू का?"

मला हसू आलं. चिखलात तोंड असताना मी हसलो. ती मला हात न लावता तशीच बसून राहिली, मी आपण होऊन बाहेर येईपर्यंत. परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "मला येक सांगा. म्या मागनं आले की तुमी दचकता. म्होरनं आले तर?"

"म्होरनं न्हाई."

"मग म्होरनं येत जाईन. एवढं सांगायला येक वरीस लावलं तुमी."

घरी आल्यावर तिनं वहिनीला, भावाला, सगळ्यांना सांगितलं: ह्यांना मागून हाक मारायची नाही, समोरून नाव घेऊन बोलवायचं, भांडं पडलं की "भांडं पडलं" म्हणून मोठ्यानं सांगायचं. वहिनी आधी नाक मुरडायची. मग तिला त्याची गंमत वाटायला लागली. दिवसभर आमच्या घरात "भांडं पडलं! कवाड वाजलं! पाटा ठिवला!" असं चालायचं. माझं दचकणं निम्म्यावर आलं. इस्पितळातून येताना घरच्यांना काय सांगायचं हे मला कोणी सांगितलं असतं, तर ते वर्ष वाचलं असतं.

पोत्यांच्या दोन बाजूंना

कराडचा बाजार. मी ज्वारीच्या पोत्यांशेजारून चाललो होतो. मागच्या दुकानात कोणीतरी पत्र्यांची चळत खाली टाकली. आवाज झाला तसा मी पोत्यांमागं बसलो, गुडघे छातीशी. थोड्या वेळानं डोळे उघडले तर पोत्यांच्या पलीकडच्या कोपऱ्यात एक माणूस अगदी माझ्यासारखाच बसलेला, गुडघे छातीशी, अंगात खाकी सदरा. आम्ही एकमेकांकडं बघितलं.

"कंची पलटण?" त्यानं बसल्या बसल्या विचारलं.

मी सांगितलं. मग विचारलं, "तुमची?"

त्यानं सांगितलं. तो ब्रह्मदेशात होता. आणि मग आम्हा दोघांना असं हसू लोटलं की ज्वारीचा व्यापारी धावत आला. दोन मोठी माणसं पोत्यांमागं बसून पोट धरून हसताहेत, त्याला काय कळणार!

हे हवालदार रामा कांबळे. त्यांचं गाव नदीपलीकडं. त्या दिवशी आम्ही कृष्णा-कोयनेच्या संगमाच्या वाळूत बाजार उठेपर्यंत बोललो. मी माझ्या मलब्याबद्दल पहिल्यांदा माणसासमोर बोललो. त्यांनी मधे एकदाही "असू दे, इसर आता" म्हटलं नाही. बाकी सगळे तेच म्हणायचे. नंतर ते त्यांचं सांगायला लागले आणि मी ऐकलं. घरी गेलो तेव्हा तानू म्हणाली, "आज चेहऱ्यावर रगत दिसतंय."

पुढच्या बाजाराला पुन्हा भेटलो. त्याच्या पुढच्या बाजाराला कांबळ्यांनी एकाला आणलं, मी एकाला आणलं. बसायचं कुठं हा प्रश्न होता. देवळात, तालमीत कांबळ्यांना येऊ दिलं नसतं. पलटणीत एका लंगरातलं जेवलेली माणसं आम्ही, बाजारात मात्र उठायबसायला वेगळ्या जागा. मग संगमाजवळच्या चिंचेखाली बसायला लागलो. ती जागा कोणाचीच नव्हती, म्हणून सगळ्यांची झाली.

नुसतं बसलं की कोणाचं तोंड उघडायचं नाही. एकदा मी घरून घायपाताचा वाख, म्हणजे दोराचे धागे, घेऊन गेलो. दोर वळायला लागलो तशी बाकीच्यांनीही हातात घेतला. हात गुंतले की नजर खाली राहते आणि नजर खाली राहिली की माणूस बोलतो. इस्पितळातल्या त्या टोपल्यांचा अर्थ मला चिंचेखाली कळला.

आम्हाला काय उपयोगी पडलं

आमच्यात डॉक्टर कोणी नव्हता. ज्याला जे सापडलं ते तो दुसऱ्याला द्यायचा. कांबळ्यांची एक रीत होती. भीतीचा झटका आला की ते मोठ्यानं समोर दिसेल ते सांगत सुटायचे. "चिंच. दगड. पाण्यात म्हस. म्हशीवर बगळा." ब्रह्मदेशातलं रान डोळ्यासमोर यायला लागलं की म्हस आणि बगळा त्याला हटवतात, असं ते म्हणायचे. मी हसलो होतो. मग करून बघितलं, आणि हसायचा थांबलो.

एक जण रोज पहाटे उठून खूप चालायचा, त्याचं पाहून आम्ही चालायला लागलो. एकानं दारू सोडली, ती आमच्यासमोर कबूल करून. दोनदा पुन्हा धरली, तिसऱ्यांदा सुटली. तो परत प्यायला म्हणून त्याला कोणी उठवून लावलं नाही. सगळेच सावरले असं मात्र नाही. एक चांगला माणूस यायचा बंद झाला, आम्ही त्याच्या गावी पोचलो तेव्हा उशीर झाला होता. तेव्हापासून आम्ही ठरवलं: जो दोन बाजार आला नाही, त्याच्या घरी जायचं. बोलावणं नसलं तरी जायचं.

आबा

घरात एक गोष्ट आम्ही लहानपणापासून बघत आलेलो. आबांच्या उशाखाली फडक्यात गुंडाळलेली भाकरी असायची. रोज ताजी. आई होती तोवर ती ठेवायची, मग वहिनी. आम्ही पोरं त्यावरून थट्टा करायचो, उंदीर झाले म्हणून वहिनी कुरकुरायची. कोणी कधी विचारलं नाही.

एका बाजारच्या दिवशी मी निघालो तर आबा काठी घेऊन दारात उभे. "मी बी येतो," म्हणाले. चिंचेखाली बसले, हातात वाख घेतला आणि माझ्याकडं न बघता बोलायला लागले. बसऱ्याच्या वरच्या अंगाला त्यांची फौज वेढ्यात अडकली होती. माणसं उपाशी मेली. शेजारी झोपलेला सकाळी उठायचा नाही. "घरी आलो तवा डोळं मिटलं की वाटायचं, उद्या भाकर न्हाई. आय माझी शाणी हुती. तिनं काय बी इचारलं न्हाई. उशाला भाकर ठिवली. म्हनली, हात लाव आन् झोप."

माझा हात थांबला होता. कांबळेही थांबले होते. आबा म्हणाले, "लय वर्सं झाली. कुणाला बोललो न्हाई. किसना बोलतोय ह्ये बगून वाटलं, आपुन बी बोलावं."

त्या दिवसापासून आबा कधी चुकले नाहीत.

जत

थंडीच्या दिवसांत जतकडचे धनगर मेंढरं घेऊन आमच्या नदीकाठाला उतरतात. त्यातला एक जण आमच्या घोळक्याकडं कितीतरी वेळ बघत उभा होता. शेवटी जवळ आला. त्याची मराठी मोडकी, कानडी वळणाची. "तुम्ही मिलिट्रीचे का?" त्यानं विचारलं. मग त्याच्या धाकट्या भावाची गोष्ट कळली. सिद्धाप्पा फौजेत खेचरं हाकायचा. परत आला तेव्हापासून बोलत नाही. एकदा विहिरीच्या कडेवर सापडला. गावानं त्याला माळावरच्या देवळाच्या खांबाला साखळीनं बांधलंय. "अंगातलं वारं उतरेल म्हणतात. वर्ष होत आलं."

साखळी हा शब्द ऐकला आणि मला पुन्हा तोंडात चुन्याची चव आली. मी म्हणालो, "आपण जाऊ."

कांबळे म्हणाले, "गाडीत बसशील?"

तो खरा प्रश्न होता. पलटणीतून घरी आलो तो अर्धी वाट डब्याच्या पायरीवर बसून आलो होतो. बंद डब्यात मला धाप लागायची. तानूनं भाकऱ्या बांधून दिल्या आणि म्हणाली, "जावा. तुमाला कुनी खनून काढलं का न्हाई? मग."

मी, कांबळे आणि आबा निघालो, तो धनगर वाट दाखवायला. गाडी हलली तसा माझा श्वास कोंडला. कांबळे समोर बसले होते. "नाईक, रिपोट द्या," म्हणाले.

मी खिडकीबाहेर बघून बोलायला लागलो. "ऊस. मोट चाललीय. पांढरा बैल, तांबडा बैल. परत ऊस. गुऱ्हाळाचा धूर." ताकारी गेलं, भिलवडी गेली, मी बोलतच होतो. शेजारची एक बाई कळवळून कांबळ्यांना म्हणाली, "दिसत न्हाई व्हय दादा तुमाला? किती जीव लावून सांगतोय त्यो."

"न्हाई दिसत बाई," कांबळे गंभीरपणे म्हणाले. "सांगू द्या त्याला."

आबा खिडकीकडं तोंड करून हसत होते. मिरजेला उतरलो तेव्हा माझा सदरा घामानं भिजला होता, पण मी पूर्ण वाट आत बसून आलो होतो. फलाटावर आबांनी भाकऱ्यांचं फडकं सोडलं आणि आपल्या हातानं पहिली अर्धी भाकरी कांबळ्यांना दिली. कांबळे क्षणभर तिच्याकडं बघत राहिले, मग तिथंच आबांना लागून बसले आणि खाल्ली. तिथून छोट्या गाडीनं जत रोड, पुढं बैलगाडी आणि पायवाट. उसाची हिरवाई कधीच मागं राहिली. माळ, कुसळं, दूरवर मेंढरांची धूळ.

देवळाच्या खांबापाशी तो बसला होता. दाढी वाढलेली, नजर जमिनीवर. घोट्याला साखळी, तिच्याखाली चिंधी गुंडाळलेली. ती त्याच्या आईनं बांधली असणार. आई तिथंच, थाळी घेऊन. गावची माणसं गोळा झाली. देवळाचा पुजारी म्हातारा होता, वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला आणि धनगरानं आम्हाला मराठीत सांगितलं, "सोडला आणि पुन्हा विहिरीकडं गेला तर? जबाबदार कोण?"

खरंच, गेला तर?

आबा पुढं झाले. त्या आईसमोर काठी टेकून उभे राहिले आणि धनगराला म्हणाले, "सांग हिला. म्या लढाईवरनं आलो तवा असाच हुतो. माझ्या आयनं मला बांधलं न्हाई. ती माझ्याजवळ बसली. म्हनून आज हितवर चालत आलो. आमी जात न्हाई. ह्याच्या बरूबर ऱ्हातो. इहिरीकडं निगाला तर आमी तिघं आडवं पडू."

बाईनं पुजाऱ्याकडं पाहिलं. पुजाऱ्यानं आम्हाला राहू दिलं.

मी सिद्धाप्पाच्या समोर बसलो, अंगाला लागून नाही, जरा दूर. वाख काढला आणि दोर वळायला लागलो. आमची सगळ्यांची एक भाषा होती, पलटणीतली हिंदुस्थानी. त्या भाषेत मी माझं सगळं सांगितलं. दगडी घर, चुना, फोन, गाडीखालचा चिखल, तानूचं लुगडं. कांबळ्यांनी त्यांचं सांगितलं. तो वर बघत नव्हता. संध्याकाळी आम्ही तिथंच उघड्यावर आडवे झालो. मी सकाळी उठलो तर ऊन वर आलेलं. तेव्हा लक्षात आलं की मी झोपलो होतो. सलग, एका कुशीवर, पहिल्यासारखा.

दुसऱ्या दिवशीही तेच. मी दोराचं एक टोक त्याच्या बाजूला सरकवून ठेवलं होतं. दुपार कलताना माझ्या हातात ओढ जाणवली. बघतो तर पलीकडचं टोक त्यानं धरलं होतं आणि पीळ देत होता. मी तसाच वळत राहिलो. मग, दोराकडंच बघत, चिरक्या आवाजात तो म्हणाला, "रानी को पानी दिया?"

माझ्या तोंडात 'दिया' आलंच होतं. कांबळ्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि त्याला विचारलं, "रानी कौन?"

"खच्चर," तो म्हणाला. आणि थोडं थांबून, "मेरी रानी." मग तुटक तुटक सगळं आलं. डोंगरातली वाट, वरून आलेले गोळे, त्याच्या हातातला लगाम, खाली दरीत ओरडणारी जनावरं. तो लहान मुलासारखा हमसून रडला. आम्ही कोणी त्याला गप्प केलं नाही. आवाज ऐकून त्याची आई धावत आली.

"अव्वा," तो म्हणाला.

त्या बाईनं थाळी खाली टाकली. ती पुजाऱ्याकडं वळली आणि काय म्हणाली ते मला कानडी येत नसूनही कळलं. म्हाताऱ्यानं कमरेची किल्ली सोडून तिच्या हातात दिली. कुलूप उघडेना. कोणी तिच्या हातून किल्ली घेतली नाही. शेवटी तिनंच ते उघडलं. सिद्धाप्पा उठला, पाय आखडलेले, दोन पावलं गेला आणि आबांच्या खांद्याला धरून उभा राहिला. आबा म्हणाले, "डावा पाय म्होरं, जवान." आणि सगळा गाव बघत असताना ते दोघं देवळाभोवती चालले. एक फेरी, मग आणखी एक. तिसऱ्या फेरीला पुजारीही त्यांच्या मागून चालत होता.

आम्ही तिथं आणखी काही दिवस राहिलो. भावाला, आईला सगळं समजावलं: समोरून यायचं, नाव घेऊन बोलवायचं, एकटं ठेवायचं नाही, बोलला तर थांबवायचं नाही. निघताना मी त्याला कराडच्या बाजाराचा वार सांगितला. त्यानं नुसती मान हलवली.

चिंचेखाली

घरी आल्यावर मी सोप्यात घोंगडी टाकली, छपराखाली. वहिनीनं बघितलं आणि माझ्यासाठी उशी आणून ठेवली. त्या साली गुऱ्हाळावर मी चरकाशी उभा राहिलो. कधीमधी अजून दचकतो. दचकून झालं की हसतो आणि काम पुढं चालू ठेवतो. बरं होणं म्हणजे हेच, असं आता मला वाटतं.

पुढच्या थंडीत मेंढरं पुन्हा नदीला उतरली. आम्ही चिंचेखाली बसलो होतो. लांबून एक उंच माणूस येताना दिसला, पिवळा फेटा, दाढी साफ, कळपाला मोठमोठ्यानं कानडीत हाका देत. आबांनी त्याला आधी ओळखलं. सिद्धाप्पा! त्याच्या मागं एक काळासावळा तरुण होता, मान खाली, दोन्ही मुठी घट्ट.

सिद्धाप्पानं आम्हाला कडक सलाम ठोकला, आबांच्या पायावर डोकं ठेवलं आणि त्या तरुणाचा दंड धरून त्याला पुढं केलं. "आमच्या शेजारच्या गावचा आहे. पलटणीतला. बोलत नाही," तो मराठीत म्हणाला. मराठी त्यानं वर्षभरात कुठून मिळवली होती कोण जाणे. मग त्या पोराकडं वळून, "बा, कुंदरु," म्हणाला. ये, बस.

तो बसला. कांबळे घसा साफ करून पुढं सरकले, नेहमीसारखे स्वतःपासून सुरुवात करायला. सिद्धाप्पानं हात वर करून त्यांना थांबवलं.

"हवालदारसाब, आज तुम्ही ऐका," तो म्हणाला. "आज मी बोलणार."

आणि तो बोलायला लागला. कानडी, हिंदुस्थानी, मराठी, सगळं एकत्र. बाजार उठला, गाड्या जुंपल्या, पलीकडच्या काठाला दिवे लागले, तरी तो थांबला नाही, आणि आमच्यातलं कोणी उठलं नाही.